सफरचंदाचं भजं कढईतून ओव्हनमध्ये: काय वाचतं, काय हुकतं

2025 च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं, घरातला खाद्यतेलाचा वापर 10 टक्क्यांनी कमी करा. त्याच वर्षी जुलैमध्ये बातमी पसरली की समोसा-जिलेबीवर आता सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा येणार. केंद्र सरकारला खुलासा करावा लागला: विक्रेत्यांच्या पदार्थांवर लेबल लावायला कुणी सांगितलेलं नाही, कार्यालयांमध्ये तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा एवढाच सल्ला आहे. खुलासा फारसा कुणी वाचला नाही, पण धास्ती मात्र स्वयंपाकघरात शिरली. तेव्हापासून जो तो म्हणतो, "तळू नका, बेक करा."

या लाटेत जे पदार्थ घरोघरी करून पाहिले जाताहेत त्यात ॲपल फ्रिटर, म्हणजे सफरचंदाचं भजं, बरंच वर आहे. गोड, मुलांना आवडणारं, नाव विलायती. जळगाव-धुळ्याकडे बऱ्याच घरांत केक आणि बट्टीसाठी घेतलेला छोटा ओव्हन, म्हणजे ओटीजी, असतोच. मग तळायच्या कृतीतलंच पीठ घ्यायचं, ट्रेवर टाकायचं आणि वाट बघायची. वीस मिनिटांनी बाहेर येतं ते चपटं, फिकं आणि चिवट असतं. घरचे गुपचूप खातात, पुन्हा मागत नाहीत. दोष करणाऱ्याच्या हाताचा नसतो. कढई आणि ओव्हन ही दोन अगदी वेगळ्या तऱ्हेने काम करणारी साधनं आहेत आणि कृती लिहिणारे हे सांगत नाहीत.

फ्रिटर म्हणजे नेमकं कोणतं?

एका नावाखाली तीन पदार्थ फिरतात. अमेरिकेत डोनटच्या दुकानात मिळतं ते यीस्टने फुगवलेल्या पिठाचं असतं. आत सफरचंदाच्या फोडी, दालचिनी, वर वाळलेल्या साखरपाकाचा पातळ थर. जर्मनी-नेदरलँड्सकडे सफरचंदाच्या गोल चकत्या सरसरीत पिठात बुडवून तळतात. नेदरलँड्समध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री हा पदार्थ हमखास होतो. तिसरा प्रकार घरगुती: यीस्ट नाही, बेकिंग पावडरवर फुगणारं दाटसर पीठ, त्यात फोडी कालवायच्या आणि चमच्याने तेलात सोडायचं. आपले गूळ-कणकेचे गुलगुले याच तिसऱ्या घरातले.

बेक करायला खरा लायक आहे तो हा तिसरा. यीस्टचा बेक केला तर पावासारखा होतो, वाईट नाही, पण फ्रिटर नव्हे. चकत्यांचा प्रकार ओव्हनमध्ये घालूच नये. का ते पुढे कळेल.

175 अंशांचं तेल आणि 200 अंशांची हवा

पहिला गोंधळ इथेच होतो. तळणाचं तेल साधारण 170 ते 180 अंश सेल्सिअस असतं, ओव्हन आपण 200 वर लावतो. मग ओव्हन जास्त गरम असूनही भजं तीन-चार मिनिटांत तळून निघतं आणि ट्रेवरचं पंधरा मिनिटांनीही पांढरट का राहतं?

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 वर जातो. त्या हवेत आपण डोक्याला रुमाल बांधून बाजारहाट करतो, गाडी चालवतो. पण 45 अंशांचं पाणी अंगावर ओतून घ्या बरं. सहन होत नाही. तापमान तेच, फक्त हवा विरळ आहे आणि पाणी दाट. दाट पदार्थ अंगाला चिकटून सगळीकडून एकदम उष्णता देतो. तेलाचं आणि हवेचं नातं असंच आहे. ढोबळ हिशेबाने तापलेलं तेल साध्या ओव्हनच्या हवेपेक्षा दहापट किंवा त्याहूनही वेगाने उष्णता पोचवतं. म्हणून ओव्हनचं तापमान वीस-पंचवीस अंशांनी जास्त ठेवूनही ही तूट भरून निघत नाही.

ज्या ओव्हनमध्ये पंखा असतो त्यात हवा हलती राहते आणि फरक थोडा कमी होतो. एअर फ्रायर म्हणजे दुसरं काही नाही, लहान पोटाचा, जोरदार पंख्याचा ओव्हनच. त्यात तळलं काहीच जात नाही.

खमंगपणा येतो कुठून

भज्याचा घास तेलात पडला की त्याच्या बाहेरच्या थरातलं पाणी ताबडतोब उकळून वाफ होतं. तेलात चुरचुर वाजतं ते हेच. जोवर थरात पाणी आहे तोवर तो थर 100 अंशांच्या वर जात नाही; पाणी संपलं की तापमान झपाट्याने चढतं. साधारण 140 अंशांपुढे पिठातली प्रथिनं आणि साखर यांच्यात अशी काही प्रक्रिया सुरू होते की तांबूस रंग आणि खमंग वास तयार होतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये ती मांडली, म्हणून ती मायार प्रक्रिया. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, बट्टीची लाल कड, सगळीकडे तीच.

तेलात हे सगळं मिनिटभरात सुरू होतं. बाहेर कडक कवच, आत अजून ओलं मऊ पीठ. शिवाय वाफ निघून गेलेल्या बारीक भोकांत थोडं तेल जाऊन बसतं आणि खाताना जिभेला तेच "कुरकुरीत आणि तुपकट" असं लागतं. ओव्हनमध्ये बाहेरचा थर वाळायलाच आठ-दहा मिनिटं जातात. तेवढ्यात आतलं पाणीही हळूहळू वर येत राहतं आणि वाळणाऱ्या थराला पुन्हा ओलं करतं. आठव्या मिनिटाला काचेतून बघा: गोळ्यांच्या कडांची चमक गेलेली असते, मध्यावर अजून ओल लकाकते, आणि बाहेर डोकावणाऱ्या एखाद्या फोडीचा रस ट्रेवर उतरून तांबडा चिकट थेंब झालेला असतो. आपल्याला हवा तो रंग त्या थेंबाला आधी येतो, कारण त्यात साखर जास्त, पाणी कमी.

म्हणजे बेक केलेल्या फ्रिटरला रंग यायला दोन गोष्टी लागतात: वर थोडी चरबी आणि थोडी साखर. ट्रे आत घालण्याआधी गोळ्यांवर पातळ तूप किंवा तेल फिरवायचं आणि चिमूट-चिमूट जाड साखर भुरभुरायची. दुधाचा हात दिला तरी चालतं. दुधातली साखर या प्रक्रियेत नेहमीच्या साखरेपेक्षा लवकर रंग धरते. दही घातलेल्या पिठाला आंबटपणामुळे रंग उशिरा येतो, म्हणून दह्याबरोबर पाव चमचा खायचा सोडा घातला की दोन कामं होतात, पीठ फुगतं आणि लालीही येते.

एवढं करूनही ते तळल्यासारखं होत नाही. शेजारच्या काकूंना दिलं तर त्यांनी उलटं केलं, बुडावर नखाने टकटक केलं आणि विचारलं, "हाई काय शे? भजं का बिस्कूट?" प्रश्न रास्त होता. बाहेरून खुसखुशीत, आतून ओलसर, असं त्या दोहोंच्या मधलं काहीतरी हाती येतं. ते चांगलं लागतं, पण भज्याची आस धरून खाल्लं तर मन खट्टू होणारच.

भांडं बदललं की पीठही बदलायचं

सगळी मेख इथे आहे. तेलात पीठ चारही बाजूंनी एकदम आवळलं जातं, म्हणून सरसरीत पीठही गोल राहतं. ट्रेवर त्याला कुणाचाच आधार नसतो. कवच धरायच्या आत ते पसरतं आणि त्याचं धिरडं होतं. चकत्या बुडवून करायचा प्रकार ओव्हनमध्ये फसतो तो यामुळेच: सगळं पीठ चकतीवरून ओघळून ट्रेवर जमतं आणि वर उघडं सफरचंद उरतं. एअर फ्रायरमध्ये तर ते जाळीतून खाली गळतं.

तेव्हा पीठ इतकं दाट हवं की चमच्याने उचललं तर गोळा म्हणून पडेल, ओघळणार नाही. साधारण बारा फ्रिटरसाठी 150 ग्रॅम मैदा (निम्मी कणीक घेतली तरी हरकत नाही), 40 ग्रॅम साखर, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा दालचिनी. 40 ग्रॅम थंड लोणी, 60 ग्रॅम दही आणि लागेल तसं 50 मिलिलिटरपर्यंत दूध. दोन मध्यम सफरचंदं, सोलून बिया काढल्यावर साधारण 230 ग्रॅम. अंडं घालणारे घालतात, मग दूध जवळजवळ लागत नाही.

"लोणी कशाला, तेल वाचवायलाच तर बेक करतोय ना?" असं इथे कुणीतरी विचारतंच. कढईतल्या फ्रिटरला चरबी बाहेरून मिळते, ओव्हनच्या फ्रिटरला ती आतून द्यावी लागते. नाही दिली तर थंड होताच ते चामट होतं. लोणी थंडच हवं. पिठात त्याचे बारीक तुकडे शाबूत राहिले की ओव्हनमध्ये ते वितळून जागा सोडतात, त्यातलं पाणी वाफ होऊन पीठ उचलतं आणि घास पोकळ, खुसखुशीत होतो. उन्हाळ्यात आपल्याकडे ओट्यावर ठेवलेलं लोणी बघता बघता तेल होतं. फ्रीझरमध्ये दगड करून किसणीवर किसावं आणि बोटं न लावता सुरीच्या टोकाने पिठात मिसळावं.

दही-दूध घातल्यावर मळायचं नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. पोळीच्या कणकेला तिंबायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण जितकं मळाल तितका पिठातला चिवटपणा वाढतो.

सफरचंदात आहे काय, तर पाणी

सफरचंदात 100 ग्रॅममागे 85 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. वरच्या मापातल्या फोडींत पावणेदोनशे ग्रॅमच्या वर पाणी आलं, म्हणजे आपण घातलेल्या दही-दुधापेक्षा कितीतरी जास्त. तेलात ते वाफ होऊन निघून जातं. ओव्हनमध्ये त्यातलं बरंच पिठात मुरतं आणि मधला भाग कच्चा, पचपचीत राहतो. लोक त्याला "आतून शिजलंच नाही" म्हणतात आणि पुन्हा आत ठेवतात. वरचं जळतं, मधलं तसंच.

उपाय साधे आहेत. सफरचंद किसायचं नाही, किसलं की सगळं पाणी मोकळं होतं. बोटाच्या पेराच्या निम्म्या आकाराच्या फोडी कराव्या. त्यांवर साखर टाकून ठेवून देऊ नये, साखर पाणी ओढून बाहेर काढते. किंवा मुद्दाम तेच करावं: साखर टाकून दहा मिनिटं ठेवावं, सुटलेला रस पातेल्यात आटवून घट्ट करावा आणि पिठात घालावा. वास कितीतरी खुलतो. खटाटोप आहे, पण ज्याला पाहुण्यांसमोर मिरवायचं आहे त्याने करावा. फोडींना लिंबू चोळलं की त्या काळ्या पडत नाहीत एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. आंबटपणाने फोडीतलं पेक्टिन, म्हणजे फळाला बांधून ठेवणारा चिकट घटक, लवकर विरघळत नाही आणि फोड शिजूनही फोडच राहते, हा त्याचा दुसरा फायदा.

आपल्या बाजारात येणारं लाल डेलिशियस जातीचं सफरचंद गोड आणि रवाळ असतं, उष्णतेने लवकर बसतं. हिमाचलचा माल जुलै-ऑगस्टपासून येऊ लागतो, काश्मीरचा त्यानंतर. तेव्हा ते कडक असतं आणि फ्रिटरला चांगलं. होळीच्या सुमाराला शीतगृहातून येणारं दिसायला चकचकीत पण आत पिठूळ निघतं. हिरवं आंबट ग्रॅनी स्मिथ उत्तम, पण जळगाव-धुळ्यासारख्या शहरांबाहेर सहज मिळत नाही, आणि मिळालं तर भाव ऐकून फ्रिटरचा विचार रद्द होतो.

आमच्याकडे ओव्हन नाही, मग?

खान्देशाला कोरड्या आचेवर भाजणं कुणी शिकवायला नको. भरताचं वांगं पऱ्हाटीच्या काड्यांवर, मांडे उलट्या खापरावर, बट्टी गोवऱ्यांत. वरण-बट्टीतला जुना वादही हाच आहे: काही घरांत बट्टी उकडून, कापून तुपा-तेलात तळतात, काही घरांत भाजतात. भाजणाऱ्यांकडे गॅसवर ठेवायचं, वर झाकण आणि आत जाळी असलेलं ॲल्युमिनियमचं गोल भांडं असतं. त्यात फ्रिटर होतात. जाळीवर बटर पेपर लावलेली छोटी ताटली ठेवायची, भांडं आधी दहा मिनिटं तापवायचं, आच मध्यम. वरून रंग कमी येतो, म्हणून शेवटी एकदा उलटावे लागतात.

जाड कढईत मीठ पसरून, वर रिंग आणि ताटली ठेवून झाकलं तरी चालतं, फक्त बुडाला लवकर लागतं. आप्पेपात्र मला या सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं: प्रत्येक खळग्यात थेंबभर तूप, पिठाला चारी बाजूंनी आधार, उलटायची सोय. तळणं आणि बेकिंग यांच्या बरोब्बर मध्ये. ओटीजी नवा घ्यायचा विचार असेल त्याने आधी आप्पेपात्रात करून बघावं.

दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीच्या भट्टीत भाजून आणायची रीत अजून काही गावांत आहे. तिथेही हे भाजून मिळतील, पण पीठ कालवून तासभर रांगेत थांबलात तर बेकिंग पावडरचा बराच जोर वाटेतच ओसरेल आणि सफरचंद पाणी सोडून बसेल.

ओटीजीवाल्यांसाठी: वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, 200 अंश, आधी पंधरा मिनिटं तापवणं, मग मधल्या कप्प्यात 15 ते 18 मिनिटं. पंख्याचा असेल तर 180 ते 190. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक असू शकतो, आतमध्ये ठेवायचा साधा तापमापक घेतला की कळतं. विजेचा दाब हा खेड्यातला वेगळाच प्रश्न. 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळत असेल तर वाटतं तेरा टक्केच कमी आहे. पण कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा उष्णता गेली. पंप चालू असण्याच्या वेळी कृतीत लिहिलेली मिनिटं पाळू नयेत, रंग पाहून काढावं. 1500 वॉटच्या ओव्हनला तापवण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं मिळून एका युनिटच्या आतच वीज लागते, तेव्हा बिलाची भीती फार नको.

बाहेर काढल्यावर फ्रिटर ताबडतोब जाळीवर. गरम ट्रेवरच ठेवले तर बुडातून निघणारी वाफ तिथेच अडकते आणि पंधरा मिनिटांच्या मेहनतीवर दोन मिनिटांत पाणी पडतं.

पण कॅलरी खरंच वाचतात का?

वाचतात. लोक समजतात तितक्या नाही. वरच्याच मापाचा हिशेब मांडू. मैद्याच्या सव्वापाचशे, साखरेच्या 160, सफरचंदाच्या 115, दही-दुधाच्या 70. मिळून 870 कॅलरी. हे दोन्ही पद्धतींत सारखं. बेक करताना 40 ग्रॅम लोण्याच्या 290 वाढल्या, म्हणजे 1160. बाराने भागलं की एका फ्रिटरच्या 97.

तळताना लोणी नाही, पण तेल शोषलं जातं. किती, ते पीठ किती पातळ, तेल किती तापलेलं यावर ठरतं. तळलेल्या पदार्थाच्या वजनाच्या 15 टक्के धरू. सगळ्या घाण्यात 70 ग्रॅम तेल मुरलं, एका ग्रॅमच्या 9 कॅलरीप्रमाणे 630. एकूण 1500, एका नगाच्या 125. फरक 28 कॅलरींचा, चौथ्या हिश्श्याहून थोडा कमी.

आता गंमत बघा. अमेरिकी पद्धतीने वर साखरपाक ओतायचा तर बारा नगांना 100 ग्रॅम पिठीसाखर सहज लागते. 400 कॅलरी, एका नगामागे 33. म्हणजे पाक ओतलेलं बेक फ्रिटर झालं 130 चं, आणि पाक नसलेलं तळलेलं 125 चं. बट्टी भाजून घेऊन वर तुपाची धार सोडणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही. "बेक केलंय, दोन जास्त खा" म्हटलं की उरलंसुरलंही गेलं. मधुमेहींनी तर याकडे सुटका म्हणून पाहूच नये. मैदा आणि साखर दोन्हीकडे तेवढीच आहे.

मग उपयोग काय? कढईत उरलेलं तेल

माझ्या मते खरा फायदा इथे आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बारा फ्रिटर तळायला कढईत अर्धा-पाऊण लिटर तेल घ्यावं लागतं. सत्तर ग्रॅम मुरतं, बाकीचं उरतं. ते तेल, शेंगदाण्याचं असो की सरकीचं, टाकवत नाही. पुढच्या रविवारी त्यातच वडे, मग पापड, मग पुन्हा काहीतरी.

तेल वारंवार तापवलं की त्याचे घटक तुटतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून नवे पदार्थ बनतात. त्यांना ध्रुवीय संयुगं म्हणतात. तेल घट्ट होणं, काळपट होणं, फेस येणं, कमी आचेवरच धूर निघणं ही त्यांची लक्षणं. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून नियम लागू केला की तळणाच्या तेलात ही संयुगं 25 टक्क्यांहून जास्त झाली की ते तेल वापरायचं नाही. हॉटेल, फरसाण कारखाने यांना तो बंधनकारक. घरच्या कढईकडे कोण बघणार? घरांसाठी सल्ला एवढाच की तळून उरलेलं तेल गाळून भाजी-आमटीला वापरावं आणि एक-दोन दिवसांत संपवावं, पुन्हा तळणाला घेऊ नये.

बेक केलं की हे उरलेलं तेल मुळात जन्मालाच येत नाही. 28 कॅलरींच्या बचतीपेक्षा मला हे मोठं वाटतं.

ओव्हनमध्ये घातक काही तयार होत नाही का?

होतं. पिठूळ पदार्थ जास्त तापमानाला कोरड्या आचेवर किंवा तेलात लालबुंद झाले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं. 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ते खाण्याच्या पदार्थांत दाखवलं. जनावरांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगाला कारण ठरलं. माणसाच्या रोजच्या खाण्यातून किती धोका, यावर अजून पक्कं उत्तर मिळालेलं नाही. तळणं असो की भाजणं, ते दोन्हीकडे होतं आणि रंग जितका गडद तितकं जास्त. म्हणून फ्रिटर सोनेरी झालं की काढावं, "अजून पाच मिनिटं, खमंग होऊ दे" हा मोह टाळावा.

केळ्याचं करता येईल का? आणि कांदाभजी?

रावेर-यावलची केळी दारात असताना हिमाचलच्या फळाची हौस कशाला, हे कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पिकलेल्या केळ्याचे फ्रिटर होतात, पण केळ्यात सफरचंदापेक्षा साखर थोडी जास्त आणि पाणी कमी. म्हणून पिठातली साखर निम्मी करावी आणि ओव्हन 180 वर ठेवावा, नाहीतर बाहेरून करपतं. केळं मॅश केलं तर केक होतो, जाड चकत्यांचे चौकोनी तुकडे करावेत. आप्पेपात्रात ते सफरचंदापेक्षा चांगले लागतात.

कांदाभजी मात्र सोडा. तिचं सगळं असणंच पातळ बेसन आणि तापलेलं तेल यांवर उभं आहे. ओव्हनमधलं बेसन कोरडं, घशात अडकणारं होतं आणि त्याचा कच्चट वासही जात नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खायची भजी बेक करून वर्षाचं आरोग्य सुधारत नाही. रोजचं फोडणीचं तेल मोजा, तिथे जास्त सुटतं.

तळायचंच असेल तर

जातिवंत फ्रिटर खायचं असेल त्याने तळावंच, आणि नीट तळावं. तेल बहुतेक मुरतं ते तळताना नाही, बाहेर काढल्यावर. आत असताना वाफ बाहेर येत राहते आणि तेलाला आत शिरू देत नाही. बाहेर काढलं की वाफ थंड होऊन आकसते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर दोन-चार झटके देऊन लगेच टिश्यूवर किंवा चाळणीत टाकायचे, एका बाजूने, मग उलटून दुसऱ्या. कढईतून निघाल्यावरचं पहिलं अर्धं मिनिट महत्त्वाचं. एकावर एक ढीग घालायचा नाही. आणि वर्तमानपत्रावर तर नाहीच: छपाईची शाई गरम तेलात उतरते, आणि 2018 च्या वेष्टन नियमांत एफएसएसएआयने खाद्यपदार्थांसाठी वर्तमानपत्राला स्पष्ट मनाई केली आहे.